शुगर असलेल्यांनी व्यायाम नक्की किती जोरात करायचा? पायरी-पायरीने समजून घेऊ

"रोज तासभर फिरतो हो, तरी एचबीएवनसी साडेआठच्या खाली येतच नाही." एचबीएवनसी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी टेस्ट. टेकडीवर, बागेत, सोसायटीच्या कट्ट्यावर हे वाक्य सारखं ऐकू येतं आणि बोलणारा खोटं बोलत नसतो, तो खरंच रोज तासभर फिरत असतो. पण पुढचा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही, की फिरता म्हणजे किती जोरात? गप्पा मारत, मधेच फोन घेत, ओळखीचं कुणी दिसलं की थांबत काढलेला तास वेगळा आणि घाम फुटेल अशी चाललेली पंचवीस मिनिटं वेगळी.

दुसऱ्या टोकाला अशीही मंडळी आहेत जी रिपोर्ट हातात पडला की घाबरून थेट जिम लावतात, पहिल्याच आठवड्यात ट्रेनर त्यांना उड्या मारायला लावतो, घरी येऊन शुगर बघतात तर जाताना १५० होती आणि आता २१०, मग "मला व्यायाम सूट होत नाही" असं ठरवून सगळंच सोडून देतात. हे बघून फार वाईट वाटतं, कारण त्या २१० मध्ये घाबरण्यासारखं बहुतेक वेळा काहीच नसतं.

व्यायामाचा जोर हा गोळीच्या डोससारखा आहे. कमी पडला तर परिणाम दिसत नाही, एकदम जास्त घेतला तर त्रास होतो, म्हणून तो मोजायचा, हळूहळू वाढवायचा आणि आपली औषधं, डोळे, पाय, हृदय बघून ठरवायचा. हा लेख टाइप टू डायबिटीसवाल्यांसाठी आहे, टाइप वन किंवा गरोदरपणातल्या शुगरचे हिशोब वेगळे असतात.

आधी शरीरात काय होतं ते

मसलच्या पेशीत ग्लुट-४ नावाचं एक प्रोटीन असतं, ते पेशीच्या कडेला आलं की रक्तातली साखर आत जाते. एरवी त्याला कडेला आणायचं काम इन्सुलिन करतं आणि टाइप टू मध्ये नेमकं तेच काम नीट होत नाही. पण मसल आकुंचन पावला की इन्सुलिन नसलं तरी हे प्रोटीन कडेला येतं, म्हणजे चालताना साखर आत जायचा दुसरा रस्ता आपोआप चालू होतो. आणि व्यायाम थांबला तरी त्याचा फायदा लगेच संपत नाही, पुढचे २४ ते ७२ तास इन्सुलिन जास्त चांगलं काम करतं. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा पाडू नका असं सांगतात. रविवारी दोन तास आणि बाकी आठवडाभर काही नाही, या पद्धतीने हा फायदा मिळत नाही.

आता जोराचं. सावकाश चाललात तर शरीर चरबीवर बरंचसं काम भागवतं. जोर वाढला की मसल्स स्वतःमधली साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, भराभर वापरायला लागतात, आणि साठा रिकामा झाला की नंतर तो भरायला रक्तातली साखर ओढून घेतात. पण फारच जोर लावला, धाप लागेपर्यंत पळालात किंवा जड वजन उचललं, तर अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि ते लिव्हरला सांगतं की साखर सोड. मसल जेवढी साखर वापरतोय त्यापेक्षा लिव्हर जास्त सोडत असेल तर मीटरवर आकडा वर जातो. तो तासा-दोन तासात खाली येतो आणि पुढच्या दिवसभरातली शुगर बऱ्याचदा आधीपेक्षा बरी असते. वरचा २१० हा तोच.

आपल्या लोकांची अजून एक गोष्ट. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं संशोधन करून दाखवलंय की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त आणि मसल कमी असतो, अगदी जन्मापासून. साखर खपवणारा सगळ्यात मोठा अवयव मसल, आणि तोच आपल्याकडे मुळात कमी. त्यामुळे "मी तर बारीक आहे, मला फक्त चालणं पुरे" हे आपल्याला परवडणारं नाही, ताकदीचा व्यायाम आपल्याला जास्तच लागतो.

जोर महत्त्वाचा की वेळ?

दोन्ही. २००३ साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितलं गेलं तेव्हा एचबीएवनसी किती उतरतो याचा संबंध व्यायामाच्या एकूण प्रमाणापेक्षा त्याच्या जोराशी जास्त दिसला. २०११ मध्ये अजून मोठं एकत्रीकरण झालं, त्यात आठवड्याला १५० मिनिटांपेक्षा जास्त आखीव व्यायाम करणाऱ्यांचा एचबीएवनसी साधारण ०.८९ ने उतरला आणि त्यापेक्षा कमी करणाऱ्यांचा ०.३६ ने. म्हणजे १५० मिनिटं ही तळाची रेघ धरा आणि त्यातला काही भाग जोराचा करा. ०.८९ हा आकडा छोटा वाटतो पण काही गोळ्यासुद्धा जेमतेम एवढंच करतात.

पहिली पायरी: सुरू करण्याआधी काय तपासायचं

नुसतं चालणं सुरू करायचं असेल आणि छातीत दुखणं, धाप, चक्कर असलं काही नसेल तर भरमसाट टेस्ट करत बसायची गरज नसते, उद्यापासून चाला. पण जोराचा व्यायाम करायचा असेल आणि वय चाळीशीच्या पुढे, शुगर बरीच वर्षं, सोबत बीपी, कोलेस्टेरॉल किंवा सिगारेट असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ते ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी, सांगतील. डायबिटीसमध्ये नसा बधिर झालेल्या असल्या तर हार्ट अटॅकचं दुखणं जाणवतच नाही असं होऊ शकतं, म्हणून "मला काही होत नाही" यावर विसंबू नका. नेहमीच्या चालण्यात अचानक फार दम लागणं, जबडा किंवा डावा हात भरून येणं, गार घाम सुटणं, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबून मदत मागवा.

डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासलेला असलाच पाहिजे. पडद्यावर नवीन कमकुवत रक्तवाहिन्या तयार झालेल्या असतील, ज्याला प्रोलिफरेटिव्ह रेटिनोपॅथी म्हणतात, तर जड वजन, उड्या, श्वास रोखून जोर लावणं आणि डोकं खाली जाणारी आसनं टाळायची, कारण आत रक्तस्राव होऊन नजर जाऊ शकते. सूर्यनमस्कार आपल्याकडे सगळ्यांनाच सरसकट सांगतात, पण त्यात डोकं खाली जातं हे अशा लोकांनी लक्षात ठेवावं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये.

पायांना मुंग्या येतात, बधिरपणा आहे, चप्पल निसटली तरी कळत नाही, असं असेल तर अनवाणी चालणं पूर्ण बंद, हिरवळीवरसुद्धा. बंद मऊ बूट आणि मोजे घाला, किंवा अशा पायांसाठी एमसीआर रबराच्या चपला मिळतात त्या घ्या, आणि घरी आल्यावर रोज तळवे बघा, खाली वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून बघा. जखम उघडी असेल तर तिच्यावर भार टाकून चालायचं नाही, तोवर खुर्चीत बसून हातांचे व्यायाम करा.

आणि औषधांची यादी, हे सगळ्यात महत्त्वाचं. इन्सुलिन घेत असाल किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशी गोळी असेल तर व्यायामाने शुगर जास्तच खाली जाऊ शकते, हायपो होऊ शकतो. नुसती मेटफॉर्मिन, किंवा सोबत सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन असेल तर ही भीती फार कमी. आपल्याकडे बहुतेकांना दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी दिलेली असते, त्यामुळे पाकिटावरची बारीक अक्षरं नीट वाचा, आत ग्लिमेपिराइड आहे का ते बघा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना लघवी जास्त होते, तेव्हा पाणी कमी पडू देऊ नका, खासकरून विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, आणि उपाशीपोटी खूप जोराचा व्यायाम नको, कारण या औषधांवर शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात किटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, वाढू शकतात. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल असेल तर हृदयाचे ठोके मुळातच कमी वाढतात, हायपोमधली धडधडही लपते, म्हणून अशांनी घड्याळावरच्या ठोक्यांवर भरवसा ठेवायचा नाही.

दुसरी पायरी: आपला जोर मोजायला शिका

सगळ्यात सोपी पद्धत बोलण्याची. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतं, तो जास्त जोर. आरामात गाणं म्हणत चालता येत असेल तर तो हलका जोर, आणि "तासभर फिरतो" म्हणणारे बरेचजण इथेच असतात.

दुसरी पद्धत पावलं मोजायची, मला ही खूप आवडते कारण यात स्वतःला फसवता येत नाही. घड्याळ लावून १५ सेकंदात किती पावलं पडतात ते मोजा. २५ पडली म्हणजे मिनिटाला १००, हा साधारण मध्यम जोर सुरू होण्याचा वेग. मिनिटाला १३० च्या आसपास गेलात की तो जास्त जोर. साठीच्या पुढे किंवा गुडघे दुखत असतील तर त्याच्या आतच धाप लागेल, तेव्हा बोलण्याची पद्धतच खरी धरा.

ठोके मोजायचे असतील तर २२० मधून वय वजा करा, पन्नाशीच्या माणसाचे १७० येतात. मध्यम जोरासाठी त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे मिनिटाला साधारण १०९ ते १२९ ठोके, आणि त्याच्या वर जास्त जोर. हा ढोबळ हिशोब आहे, माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

तिसरी पायरी: पहिले तीन-चार आठवडे

इथे जोर वाढवायचा नाही, सवय लावायची. आणि सुरुवात जेवणानंतर दहा मिनिटं चालण्याने करा. न्यूझीलंडमध्ये ४१ टाइप टू पेशंट्सवर अभ्यास झाला होता, २०१६ मध्ये आला, दिवसात कधीही एकदम ३० मिनिटं चालणं विरुद्ध तिन्ही जेवणांनंतर १०-१० मिनिटं. एकूण वेळ सारखाच, पण जेवणानंतर चालल्यावर जेवणानंतरची शुगर १२ टक्के कमी राहिली आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपल्याकडे रात्रीचं जेवण नऊ-साडेनऊला, त्यात भात, नंतर टीव्हीसमोर बसून लगेच झोप, म्हणजे सगळ्यात जास्त गरज तिथेच. आजी-आजोबांची शतपावली होतीच, तीच पूर्ण दहा मिनिटं करा, गॅलरीत, गच्चीवर, घरातल्या घरात, कुठेही चालेल. गुडघ्यांमुळे फार चालता येत नाही अशांनी तर हाच मुख्य व्यायाम धरावा.

यासोबत सकाळी किंवा संध्याकाळी १५ मिनिटं मध्यम जोराने, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत ३० वर न्या. पहिली पाच मिनिटं हळू, शेवटची पाच हळू. ऑफिसात बसून काम असेल तर दर अर्ध्या तासाने उठून तीन मिनिटं चाला किंवा उभ्या उभ्या थोड्या अर्ध्या बैठका काढा.

चौथी पायरी: वेग आलटून-पालटून चालणं

महिनाभर आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास मध्यम जोराने आरामात जमायला लागलं की मग ही पायरी, आणि माझ्या मते आपल्यासारख्या साध्या माणसांसाठी ही सगळ्यात कामाची आहे कारण जिम नको, मशीन नको, पैसे नकोत. मूळ पद्धत जपानमधली, मात्सुमोतो शहरातल्या मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांसाठी तिथल्या शिन्शू विद्यापीठातल्या लोकांनी बसवलेली. तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं सावकाश, असं पाच वेळा, झाली ३० मिनिटं.

पुढे डेन्मार्कमध्ये टाइप टू च्या पेशंट्सवर चार महिने हे करून बघितलं, २०१३ मध्ये निकाल आला. एका गटाने एका वेगाने चालायचं, दुसऱ्याने तीन-तीन मिनिटं वेग बदलत, दोघांनी आठवड्यातून पाच दिवस तासभर, आणि खर्च होणाऱ्या कॅलरी साधारण सारख्याच राहतील याची काळजी घेतलेली. वेग बदलणाऱ्यांचा दमसास वाढला, वजन आणि चरबी कमी झाली, दिवसभराची शुगर सुधारली. एका वेगाने चालणाऱ्यांमध्ये असा काही खास फरक दिसला नाही. वेळ तोच, मेहनत जवळपास तीच, फरक फक्त जोर कसा वाटून घेतला याचा, आणि "तासभर फिरतो तरी" वाल्यांनी हा अभ्यास नक्की लक्षात ठेवावा.

सुरुवात मात्र तीन-तीनने करू नका. आधी एक मिनिट भरभर, दोन मिनिटं हळू, असं पाच वेळा. दोन आठवड्यांनी दोन-दोन मिनिटं, मग तीन-तीन. भरभर म्हणजे बसस्टॉपवरून एसटी निघालीये आणि पळायचं तर नाहीये पण पकडायची आहे असं चालणं, बोलायला त्रास झाला पाहिजे. हळू म्हणजे खरंच हळू, श्वास जागेवर येऊ द्या, इथे बरेचजण उगाच दामटवतात आणि मग पुढची भरभर फेरी नीट होत नाही. आठवड्यातून तीन दिवस हे, बाकी दिवस साधं चालणं. पुण्यात राहणाऱ्यांना पर्वतीच्या पायऱ्या किंवा टेकडीचा चढ आहेच, चढताना वेगळा वेग वाढवावा लागत नाही, फक्त उतरताना गुडघे सांभाळा, बधिर पायांनी तर उतार टाळाच.

पाचवी पायरी: ताकदीचा व्यायाम, आठवड्यातून दोन-तीनदा

हे टाळायचं नाही, बायकांनी तर अजिबात नाही. २००७ मध्ये कॅनडात २५१ पेशंट्सवर झालेल्या अभ्यासात नुसतं चालणं-सायकल आणि नुसतं वजन उचलणं, दोन्हींनी एचबीएवनसी उतरला, पण दोन्ही करणाऱ्यांचा सगळ्यात जास्त. घरी करायचं तर खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात टेकवून जोर (पुश-अप), पाण्याच्या बाटल्या घेऊन खांद्याचे व्यायाम, टाचा वर उचलणं, रबरी बँड ओढणं. प्रत्येक प्रकार १० ते १२ वेळा, थोडं थांबून परत एकदा. शेवटचे दोन-तीन करताना दमछाक झाली पाहिजे, पंधरा सहज होत असतील तर बाटली मोठी घ्या. एक दिवस आड करा. उचलताना श्वास सोडायचा, कधीही रोखून धरायचा नाही, बीपी एकदम चढतं.

सहावी पायरी: हिट किंवा पळणं, सगळ्यांसाठी नाही

एक मिनिट जवळजवळ पूर्ण जोर, एक मिनिट आराम, असं दहा वेळा, याला हिट म्हणतात, हा प्रकार कॅनडात आठ पेशंट्सवर करून बघितला होता, दोन आठवड्यांत फक्त सहा वेळा, आणि दिवसभराची सरासरी शुगर साधारण १३७ वरून ११९ वर आली. परिणाम जोरदार आहे यात वाद नाही, पण माणसं आठच, आणि सगळं देखरेखीखाली. चौथी-पाचवी पायरी किमान तीन महिने झालेली, हृदय तपासलेलं, डोळे-पाय ठीक, तरच इकडे या, आणि आठवड्यातून दोनदा पुरे.

अजून एक, स्वीडनमध्ये ११ पुरुषांवर बघितलं तेव्हा असा जोराचा व्यायाम दुपारनंतर केला तर शुगर उतरली आणि सकाळी केला तर उलट वाढली. पहाटे तशीही लिव्हर साखर सोडत असतं. अभ्यास छोटा आहे, पण सकाळी जोराच्या व्यायामानंतर तुमचा आकडा सारखा वर दिसत असेल तर तोच व्यायाम संध्याकाळी करून बघा, सकाळी साधं चाला.

मीटर घेऊन काय करायचं

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असणाऱ्यांनी सुरुवातीचे काही आठवडे आणि जोर वाढवाल तेव्हा व्यायामाआधी आणि नंतर बघायचंच. ७० च्या खाली असेल तर व्यायाम नाही, आधी साखर. ७० ते १०० असेल तर एक वेलची केळं किंवा तीन मारी बिस्किटं खाऊन जा. १०० ते २५० मस्त. २५० च्या वर असेल तर बरं वाटतंय का ते बघा, उलटी, ताप, पोटदुखी असेल किंवा किटोन असतील तर व्यायाम रद्द आणि डॉक्टरांना फोन, एरवी पाणी पिऊन हलकं चाला, त्या दिवशी जोर नको.

हायपो म्हणजे थरथर, घाम, धडधड, डोळ्यांसमोर अंधारी, चिडचिड. तिथेच बसा, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी परत मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. जे व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेतात त्यांनी खिशात ग्लुकोज पावडरच ठेवायची, कारण या गोळ्यांमुळे साधी साखर पोटात फुटायला वेळ लागतो आणि पेढा किंवा चॉकलेट त्या क्षणी पुरेसं पडत नाही. मांडीत इन्सुलिन घेऊन लगेच चालायला गेलात तर ते लवकर शोषलं जातं, त्या वेळी पोटावर घ्या. आणि संध्याकाळी जोराचा व्यायाम झाला असेल तर शुगर मध्यरात्रीसुद्धा उतरू शकते, झोपताना एकदा बघा.

गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने कमी करू नका. त्यापेक्षा एक वही ठेवा, तारीख, कोणता व्यायाम, किती मिनिटं, हलका-मध्यम-जोरात, आधीची आणि नंतरची शुगर. सलग काही दिवस व्यायामानंतर ८०-९० दिसायला लागलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा, डोस त्यांनी कमी करायचा. नाहीतर तीन महिन्यांनी एचबीएवनसी करा, त्याच्या आधी करून उपयोग नाही, आणि रिपोर्टसोबत ही वहीसुद्धा न्या.